योग कुणाच्या मालकीचा? शंबूकापासून मुळशीपर्यंत



दरवर्षी २१ जून जवळ आला की आपल्या कार्यकर्त्यांत तोच वाद पेटतो. एक गट म्हणतो, "योग हा ब्राह्मणी व्यवस्थेचा सांस्कृतिक डाव आहे, त्यापासून चार हात लांब राहा." दुसरा गट म्हणतो, "तब्येतीचा विषय आहे, त्यात जात कशाला आणता?" संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये ठराव केला आणि २०१५ पासून हा दिवस सरकारी थाटात साजरा होऊ लागला. तेव्हापासून हा वाद सुरू आहे. माझे म्हणणे असे की दोन्ही गट इतिहास न वाचता बोलतात. पहिला गट स्वतःच्याच पूर्वजांची कमाई दुसऱ्याच्या नावावर करून टाकतो. दुसरा गट, ही विद्या आपल्यापर्यंत का पोहोचू दिली नाही, हा प्रश्नच विचारत नाही.

आधी माझी गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण हा लेख तिच्यातूनच निघाला आहे.

मी मुळशी तालुक्यातला. हिंजवडी याच तालुक्यात येते. तिथे रात्रपाळीत उभे राहण्याची नोकरी काही वर्षे केली आणि कंबर धरली. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि व्यायाम करायला सांगितले. शहरातल्या एका योगवर्गात नाव घालायला गेलो. तिथे नाव विचारले, मग आडनाव, मग गाव, आणि मग तो ओळखीचा प्रश्न आला: "म्हणजे तुम्ही नक्की कोण?" मी सांगितले. वर्गातून कुणी हाकलले नाही. फक्त त्यानंतर माझी चटई कायम दाराजवळ राहिली आणि माझी पाठ सरळ आहे की वाकडी, हे बघायला कुणी आले नाही. महिन्याची फी भरली होती, तेवढा महिना पुरा केला आणि सोडून दिले.

त्यानंतर पुण्यात अप्पा बळवंत चौकात जुन्या पुस्तकांच्या ढिगात बी. के. एस. अय्यंगार यांची 'योगदीपिका' सापडली. घरी आणली, जमिनीवर सतरंजी टाकली, पुस्तक भिंतीला टेकवून उघडे ठेवले आणि ताडासनापासून सुरुवात केली. पुस्तकाने माझे आडनाव विचारले नाही. या एका वाक्यात माझा सगळा मुद्दा आहे. पण त्याला इतिहासाचा आधार हवा, नाहीतर ती नुसती भावना ठरेल.

उलटा लटकलेला शंबूक

आपल्यासाठी या विषयाचा इतिहास शंबूकापासून सुरू होतो. रामायणाच्या उत्तरकांडातली कथा तुम्हाला माहीत आहे. शूद्र शंबूक तप करतो, म्हणून राम त्याचे मुंडके उडवतो. पण तो तप कसा करत होता, याकडे आपले लक्ष जात नाही. कथेत तो सरोवराकाठी डोके खाली करून लटकलेला आहे. म्हणजे त्याचा गुन्हा काय? त्याने स्वतःचे शरीर स्वतःच्या इच्छेने एका विशिष्ट स्थितीत ठेवले. शूद्राचे शरीर राबण्यासाठी असते, साधनेसाठी नसते, हा त्या कथेतला कायदा आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिप्रथेचे निर्मूलन' या भाषणात शंबूकाचा दाखला दिला तो याचसाठी. चातुर्वर्ण्य टिकवायचे तर त्यामागे दंड लागतो, हे त्यांना दाखवायचे होते.

कुणी म्हणेल, ती पुराणकथा आहे. बरोबर, पण पुराणकथा समाजाला नियम शिकवतात. विद्या द्यायची की नाही हे गुरू ठरवणार, गुरू कोण हे जात ठरवणार, आणि एकलव्यासारखा कुणी आपल्या हिकमतीवर शिकलाच तर त्याचा अंगठा जाणार. योगाच्या ग्रंथांतही हा गुप्ततेचा धागा आहे. पंधराव्या शतकातल्या स्वात्मारामाच्या 'हठयोगप्रदीपिके'त ही विद्या झाकून ठेवावी, उघड केली तर तिचे बळ जाते, असे बजावले आहे. गुप्ततेची आज्ञा आणि जातीची भिंत एकत्र आल्या की विद्या कुणाच्या घरात राहते, हे वेगळे सांगायला नको.

बाबासाहेबांनाही हा अनुभव चुकला नाही. शाळेत त्यांना संस्कृत शिकू दिले नाही, पर्शियन घ्यावी लागली. पुढे त्यांनी ती भाषा स्वतःच्या कष्टाने, पुस्तकांच्या बळावर मिळवली आणि त्याच भाषेतले ग्रंथ तपासून वर्णव्यवस्थेची चिरफाड केली. गुरूने दार लावले तर पुस्तकाने ते उघडायचे, ही आपल्या चळवळीची जुनी रीत आहे.

वारसा कुणाचा?

आता पहिल्या गटाच्या आक्षेपाकडे येऊ. योग ब्राह्मणी आहे का?

पतंजलीच्या योगसूत्रांत सुमारे १९५ सूत्रे आहेत. त्यांतली आसनावर थेट बोलणारी सूत्रे अवघी तीन. त्रिकोणासन, हलासन, वीरभद्रासन यांतले काहीही तिथे नाही. मग ध्यान, श्वासाचा अभ्यास आणि शरीराची साधना यांचे मूळ कुठे शोधायचे? यज्ञ, पशुबळी आणि पुरोहित नाकारून घराबाहेर पडलेल्या श्रमणांच्या परंपरेत त्याचा फार मोठा भाग सापडतो. तथागत त्याच परंपरेतले.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' उघडून पहिला खंड वाचा. गृहत्यागानंतर सिद्धार्थ गौतम काय काय शिकतात, हे बाबासाहेबांनी टप्प्याटप्प्याने सांगितले आहे. सांख्य तत्त्वज्ञान झाल्यावर ते आळार कालामाकडे ध्यानमार्ग शिकतात. तिथे आनापानसती आणि प्राणायाम यांचाही उल्लेख येतो. मग ते उद्दक रामपुत्ताकडे आणखी पुढची पायरी शिकतात. मगधात श्वास रोखून धरण्याची एक पद्धत करून बघतात, तिचा त्रास सोसतात. शेवटी देह झिजवणारे तपही करतात आणि ते निष्फळ आहे हे अनुभवाने कळल्यावर सोडून देतात.

यातून आपण काय घ्यायचे? गौतमाने "हे दुसऱ्या पंथाचे आहे" म्हणून काही नाकारले नाही आणि "हे थोर गुरूचे आहे" म्हणून काही डोक्यावर घेतले नाही. करून पाहिले, उपयोगी ते ठेवले, निरुपयोगी ते टाकले. कालामसुत्तात हीच कसोटी आहे. योगाबद्दल आंबेडकरी तरुणाची भूमिका काय असावी, याचे उत्तर बाबासाहेबांनी असे लिहून ठेवले आहे.

आमच्या मुळशीला लागूनच मावळ आहे. तिथे भाजे, बेडसे आणि कार्ल्याची लेणी आहेत. भिक्खूंसाठी कोरलेल्या खोल्या आणि त्यांतले दगडी ओटे आजही आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या डोंगरांत भिक्खुसंघ राहत होता आणि संघाच्या शिकवणीत आनापानसती, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे जागेपणी पाहणे, होते. त्या संघात नाभिक उपालीला आणि सफाईचे काम करणाऱ्या सुनीताला प्रवेश होता. श्वासाकडे बघण्याची विद्या या सह्याद्रीत कुणाकडून आली असा वाद कुणी घातला, तर त्याला सरळ लेण्यांत घेऊन जा.

हठयोगाचे काय? जेम्स मॅलिन्सन यांच्यासारख्या अभ्यासकांनी अलीकडे जुन्या हस्तलिखितांवर काम करून दाखवले आहे की हठयोगाच्या मूळ तंत्रांचे वर्णन करणारा सगळ्यात जुना ज्ञात ग्रंथ 'अमृतसिद्धी' हा सुमारे अकराव्या शतकातला आहे आणि तो वज्रयानी बौद्ध वर्तुळात तयार झाला. पुढे ही विद्या नाथ योग्यांनी वाढवली. नाथपंथात जातीबाहेरचे, गावाबाहेरचे, भटके लोक होते. तेराव्या शतकाच्या सुमारास रचलेल्या 'दत्तात्रेययोगशास्त्रा'त तर स्पष्ट म्हटले आहे की ब्राह्मण असो, श्रमण असो, बौद्ध असो, जैन असो, कापालिक असो वा चार्वाक, जो अभ्यास करील त्याला फळ मिळेल. चार्वाकसुद्धा, म्हणजे देव न मानणारासुद्धा! आणि ज्या 'हठयोगप्रदीपिके'त गुप्ततेची आज्ञा आहे, तीच पुढे म्हणते की तरुण, म्हातारा, आजारी, अशक्त, कुणालाही अभ्यासाने यश येते, आणि नुसता साधूचा वेष धारण करून काही मिळत नाही. भगव्या कपड्यांच्या आजच्या बाजाराला त्याच ग्रंथातला हा टोला आहे.

१९२४: डोंगराच्या दोन बाजू

आता आधुनिक काळात या. आज आपण ज्याला योग म्हणतो, त्याचे वर्गातले, फोटोतले, कोष्टकातले रूप शंभरेक वर्षांचेच आहे. आणि त्याच्या घडणीची एक मोठी जागा आमच्या शेजारी आहे.

ऑक्टोबर १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यात कैवल्यधामची स्थापना केली. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. त्यांचे मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे. त्यांचे वेगळेपण हे की आसन-प्राणायामाचा शरीरावर काय परिणाम होतो, हे त्यांनी क्ष-किरण आणि रक्तदाब मोजण्याच्या यंत्रांनी तपासायला घेतले आणि निष्कर्ष छापले. गुप्त विद्येचे असे छापील कागदात रूपांतर सुरू झाले. इकडे औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२८ मध्ये सूर्यनमस्कारावर इंग्रजीत पुस्तक काढले आणि संस्थानच्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले. त्या काळात सूर्यनमस्कार हा व्यायामाचा प्रकार होता. योगासनांच्या पंगतीत तो नंतर बसला. म्हणून "हजारो वर्षांची अखंड परंपरा" असे कुणी सांगू लागले, तर त्याला साल विचारा.

पण १९२४ म्हटले की मुळशीच्या माणसाला दुसरेच आठवते. टाटा कंपनीला मुंबईसाठी वीज हवी होती, म्हणून मुळा नदीवर धरण होणार होते आणि आमचे खोरे बुडणार होते. १९२१ च्या रामनवमीला मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. सेनापती बापटांनी तो लढवला. पन्नासच्या आसपास गावांचा प्रश्न होता. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला, त्यात एक कडवट सत्य पुढे आले आहे. खोऱ्यातली बरीच जमीन पुण्याच्या सावकारांकडे गेलेली किंवा गहाण पडलेली होती, आणि हे सावकार मोबदल्याच्या बाजूला झुकले. शेवटी १९२४ मध्ये बापटांनी रेल्वे अडवण्याचा मार्ग धरला, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. कसणाऱ्याची जमीन पाण्याखाली गेली.

म्हणजे एकाच वर्षी, डोंगराच्या त्या बाजूला शरीराचे शास्त्र लिहिले जात होते आणि या बाजूला राबणाऱ्या शरीरांच्या पायाखालची जमीन जात होती. याचा दोष मी कैवल्यधामला देत नाही, त्यांचा त्या धरणाशी संबंध नव्हता. पण इतिहास शेजारी ठेवून वाचायचा असतो. आज त्याच मुळशी तलावाच्या काठावर महागडी रिसॉर्ट उभी आहेत. तिथे शहरातला माणूस दोन दिवसांसाठी येतो, तलावाकडे तोंड करून पद्मासनात बसतो आणि "शांतता" विकत घेतो. त्या पाण्याखाली कुणाची गावे आहेत, हे त्याला ठाऊक नसते. आणि त्याची चादर बदलणारी, झाडलोट करणारी बाई आसपासच्या वस्तीतली असते. तिचीही कंबर दुखते. तिला तिथे चटई मिळत नाही. आधी जातीने दार लावले होते, आता दरपत्रक लावते.

मॅट्रिक नापास माणसाचे पुस्तक

या बंद दारांना फट पाडली ती पुस्तकाने. अय्यंगार यांची कहाणी याच दृष्टीने वाचा. १९१८ मध्ये कर्नाटकातल्या बेल्लूर गावी जन्म. जातीने ब्राह्मण, पण घर गरीब आणि शरीर आजारांनी पोखरलेले: क्षय, हिवताप, विषमज्वर. मैसूरला बहिणीचे यजमान कृष्णमाचार्य यांच्याकडे थोडे शिकले. मॅट्रिकला नापास झाले. १९३७ मध्ये डेक्कन जिमखान्यावर शिकवण्यासाठी पुण्यात आले आणि इथलेच झाले. हे तेच पुणे, जिथे आठच वर्षांपूर्वी, १९२९ मध्ये, पर्वतीच्या मंदिरात प्रवेश मागणाऱ्या आपल्या सत्याग्रहींवर दगडफेक झाली होती. जिथे १९३२ मध्ये येरवड्यात पुणे करारावर सही करण्याची वेळ बाबासाहेबांवर आली. त्या शहरात दलित वस्तीतला पोरगा आसने शिकायला कुणाच्या दारात उभा राहिला असता, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडतो.

१९६६ मध्ये लंडनहून त्यांचे इंग्रजी पुस्तक आले. 'योगदीपिका' हा त्याचाच मराठी अवतार. दोनशे आसने, चौदा प्राणायाम, सुमारे सहाशे छायाचित्रे. प्रत्येक आसनापुढे ते किती अवघड आहे याचा आकडा, एकपासून साठपर्यंत. आसनात कसे जायचे, किती वेळ थांबायचे, बाहेर कसे यायचे, फायदा काय. आणि शेवटी तीनशे आठवड्यांचा अभ्यासक्रम, पहिल्या दोन आठवड्यांपासून क्रमाने मांडलेला. गुरू जे वर्षानुवर्षे सेवा करवून थोडेथोडे देत, ते इथे अनुक्रमणिकेसह हजर होते. लेखकाचा हेतू काय होता हा मुद्दा नाही, तो स्वतः श्रद्धाळू माणूस होता. मुद्दा परिणामाचा आहे. छापलेले पान कुणाला वाचू द्यायचे, हे लेखकाच्याही हातात राहत नाही.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: राबणाऱ्याला योग कशाला? शेतात, गटारीत, बांधकामावर घाम गाळतो तोच व्यायाम. हे ऐकायला क्रांतिकारक वाटते, पण आत शंबूकाचाच कायदा आहे. काम शरीराला एकाच अंगाने झिजवते. दुसऱ्यासाठी वाकलेली पाठ आणि स्वतःसाठी ताणलेली पाठ यांत फरक आहे. शिवाय आपल्या समाजाला शरीराची साधना नवी नाही. पुण्याच्या गंज पेठेत लहुजी वस्ताद साळवे यांची तालीम होती आणि जोतिराव फुले त्यांच्याकडे दांडपट्टा आणि नेमबाजी शिकले. मांग समाजातला वस्ताद आणि माळी समाजातला शिष्य! महाडच्या लढ्याच्या काळात उभे राहिलेले समता सैनिक दलही शिस्तीने घडवलेल्या शरीरांचेच होते.

दुसरा आक्षेप: योग केला की मन शांत होते आणि माणूस अन्यायाविरुद्ध उठत नाही. हा आक्षेप गंभीर आहे. पण बाबासाहेबांनी अष्टांगमार्ग समजावताना समाधी आणि सम्यक समाधी यांत भेद केला आहे. नुसती समाधी मनाचे अडथळे तेवढ्यापुरते थांबवते. सम्यक समाधी मनाला कुशल कर्माचा विचार करायची सवय लावते. म्हणून आपला निकष सरळ आहे. सकाळी श्वासावर बसलात आणि संध्याकाळी वस्तीच्या प्रश्नावर तलाठ्याकडे जायची ताकद आली, तर ते आपले. घरात डोळे मिटून बसलात आणि मोर्चा चुकवलात, तर ते आपले नाही.

तिसरा आक्षेप: पुस्तकाने शिकणे धोक्याचे. यात तथ्य आहे आणि ते मी मानेवर भोगले आहे. सर्वांगासन आणि हलासन पहिल्याच पंधरवड्याच्या यादीत आहेत. मी सूचना अर्धवट वाचून, शेवटचे छायाचित्र बघून पाय डोक्यामागे टाकले आणि आठ दिवस मान वळेना. चूक पुस्तकाची नव्हती, माझ्या घाईची होती. छायाचित्रात दिसते ती शेवटची अवस्था असते, पहिल्या दिवसाची नसते. म्हणून नवशिक्याने आधी उभी आसने पक्की करावीत. भिंतीचा, खुर्चीचा, पट्ट्याचा आधार घ्यायला लाजू नये, खुद्द अय्यंगारांनी अशा साधनांचा मोठा वापर केला. रक्तदाब, मानेचे वा मणक्याचे दुखणे, गर्भारपण असेल तर उलटी आसने करू नयेत, आधी डॉक्टरांना विचारावे. श्वास जबरदस्तीने रोखू नये, गौतमालाही त्याने डोकेदुखीच मिळाली. आणि शेवटी शवासन टाळू नये. आपल्या लोकांना निवांत पडून राहण्याचीही चोरी वाटते, ती मोडायची.

करायचे काय?

प्रत्येक बुद्धविहारात एक कपाट असते. त्यात बाबासाहेबांचे खंड असतात आणि असायलाच हवेत. त्यांच्या शेजारी आसनांचे एखादे चांगले मराठी पुस्तक ठेवा. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरे, धुणीभांडी करून आलेल्या आया, रात्रपाळीचे वॉचमन, सगळ्यांना आठवड्यातून दोन दिवस सकाळी विहारात बोलवा. एकाने मोठ्याने वाचावे, बाकीच्यांनी करावे, एकमेकांच्या पाठी बघाव्यात. मंत्र म्हणायची गरज नाही. सुरुवातीला त्रिसरण-पंचशील घ्या आणि शेवटी पाच मिनिटे आनापानसती करा. आमच्या वस्तीत आम्ही सहा जणांनी अशीच सुरुवात केली. आता बायांची संख्या पुरुषांपेक्षा जास्त आहे, आणि वाचणारी मुलगी सातवीत शिकते.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. संघर्षाला शरीर लागते, आणि ते शरीर आपले आहे. त्याच्यावर कुणाचा सातबारा नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!